शिवलेली होडी

न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर एक कॅलेंडर होतं, आणि त्यावर जुन्या काळची आगबोट छापलेली होती. बोटीच्या मागच्या अंगाला घराएवढं चाक, आणि चाकाच्या फळ्यांवरून निथळणारं पाणी. मास्तर दाढीला बसले होते. एका गालाला फेस आणि दुसरा गाल मोकळा अशा अवस्थेत त्यांनी एकदम विचारलं, "हे चाक मागेच का? बाजूला का नाही? पुढे का नाही?"

"मास्तर, हलू नका," न्हावी म्हणाला.

खरं तर विषय तिथेच मिटायचा. पण मास्तर त्या दिवसांत रिकामे होते, आणि रिकाम्या माणसाच्या डोक्यात प्रश्न शिरला की तो भाडेकरूसारखा ठाण मांडून बसतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. खाली दुकान, वर घर. दुकानात शिरल्याबरोबर एक लांबलचक टेबल, त्यावर मास्तर कापड कापायचे. मागच्या भिंतीशी दोन मशीन. एकावर त्यांची बायको शिवायची, दुसऱ्यावर लेक. लेकीला घरात आणि गल्लीत सगळे फिरकी म्हणत. लहानपणी ती एका जागी म्हणून बसायची नाही, त्यावरून हे नाव पडलं. आता पंचविशी उलटून गेली, दिवसभर एका जागी बसून ती शिवत होती, तरी नाव काही सुटलं नाही.

शिंप्याच्या दुकानात शिवणारे कितीही असोत, मान एकाचाच: कापणाऱ्याचा. फिरकीला ते टेबल हवं होतं. आणि उगीच हट्ट म्हणून नव्हे, तिला कापता येत होतं. जुन्या वर्तमानपत्रांचे सदरे, फाटक्या चादरींचे कोट तिने इतके कापले होते की, "तुमच्या रद्दीला बाह्या असतात," अशी रद्दीवाल्याची तक्रार होती. पण खरं कापड आणि खरी कात्री मागितली की मास्तर म्हणायचे, "बघू." हे 'बघू' कित्येक वर्षं चाललं होतं.

आणि मग ते कोटाचं झालं. गिऱ्हाईकाने कुठून तरी दुरून लोकरीचं कापड आणलं होतं, अगदी मोजकं. कापडाला सुलट-उलट असते. एक बाही कापली की दुसरी उलटून ठेवून कापायची, हे काल कामाला लागलेल्यालाही ठाऊक असतं. मास्तरांनी दोन्ही एकाच बाजूने कापल्या. दोन डाव्या बाह्या! कापड संपलेलं आणि गिऱ्हाईक समोर उभं. गिऱ्हाईक सज्जन निघालं, एक शब्द बोललं नाही, आणि तेच मास्तरांच्या जास्त जिव्हारी लागलं. त्यांनी कात्री पुसली, तिला तेल लावलं, खणात ठेवली आणि खण लावून टाकला.

तेव्हापासून दुकानात नवीन काम बंद. पँट आखूड करा, चेन बदला, उसवलेलं शिवा, एवढंच. शेजारच्या औषधवाल्याला आपलं दुकान वाढवायचं होतंच. त्याने जागेबद्दल विचारलं तेव्हा मास्तर त्याला 'नाही' म्हणाले नाहीत. "महिनाअखेरीला सांगतो," म्हणाले.

हे फिरकीच्या कानावर आलं. दुकान गेलं की टेबलही गेलं. मग कुठल्या तरी कारखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या कॉलरी जोडत बसायचं. तिला मास्तरांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटत होतं, आणि ही दोन्ही कामं एकाच वेळी करणं सोपं नसतं.

मास्तर मात्र चाकाच्या मागे लागले होते. चहा पिताना चाक, जेवताना चाक. शेवटी फिरकीची आई वैतागून म्हणाली, "अहो, एवढा प्रश्न पडलाय तर बांधून बघा ना एक!"

बिचारी बोलून गेली. घरात असले किडे वळवळणारी डोकी एक नव्हे, दोन आहेत हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. फिरकीने हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, "पण बाबा, चाकाने होडी पुढे जाते ती नेमकी का? फळी पाण्यातून जाते तेवढ्यापुरतं ठीक आहे. पण आत शिरताना आणि वर येताना ती काय करते?"

मास्तरांचे डोळे चमकले. किती तरी दिवसांत चमकले नव्हते. आईने ते पाहिलं आणि पुढची तक्रार गिळून टाकली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच आपल्या धाकट्या भावाला बोलावणं धाडलं.

मामाचं सायकलचं दुकान तलावाच्या रस्त्यावर होतं. मागे पत्र्याची शेड, वेल्डिंगचं सामान, आणि मोडक्या सायकलींचा असा ढीग की त्यातून काहीही निघू शकेल. "चाक माझ्याकडे लागलं," मामा म्हणाला. "पण भावोजी, होडी कशाची करणार? आणि जोडणार कशी? खिळे ठोकलेत तर प्रत्येक खिळ्यातून पाणी आत येईल."

प्लायवूड आणायचं यावर एकमत झालं. जोडायचं कसं यावर मात्र दोन संध्याकाळी नुसता काथ्याकूट चालला. मास्तर चौकट म्हणत, मामा पत्रा म्हणे. आई शेडच्या दारात बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होती. दोरा तोडता तोडता ती म्हणाली, "कडेला कड लावा आणि शिवून टाका."

सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

आणि होडी खरंच शिवली. मास्तरांनी आधी कागदावर, मग प्लायवूडवर खडूने आखलं, मामाने कापलं, फिरकीने कडेने बारीक भोकं पाडली, आणि आईने पक्कड हातात घेऊन तांब्याच्या तारेचे टाके घातले. तीस वर्षं शिवत आलेली ती, तिचा टाका लाकडातही सरळच पडला. पुढचं टोक निमुळतं होईना, तेव्हा मास्तरांनी कोटाला कमरेत घालतात तसा, मधली पाचर काढून कडा जुळवत, प्लायवूडला टक घातला. सपाट फळी वाकून टोकदार झाली तेव्हा मामाने कपाळाला हात लावला. "माझ्या उभ्या जन्मात लाकडाला टक घातलेला पाहिला नाही!" मग सांध्यांत रेझिन भरलं, ते वाळल्यावर तारा कापून काढल्या आणि आतून-बाहेरून कापडाच्या पट्ट्या रेझिनने चिकटवल्या. टाके गेले, शिवण राहिली.

या सगळ्यात आईचं एक पालुपद चालू असायचं. शिंपी कुठलंही माप घेवो, त्यापलीकडे थोडं जास्तीचं मार्जिन सोडतो. माणूस अंगाने भरला की तेवढं उसवून कपडा सैल करता येतो. हाताला लागलेली सवय ती. म्हणून मास्तर आखायला वाकले की आई ओरडायची, "मार्जिन सोडू नका हं! होडी काही वाढत्या अंगाची नाही."

चाक मामाने चार सायकलींच्या जिवावर उभं केलं. आठ आरे, प्रत्येकाच्या टोकाला एक लाकडी पातं. चालवायचं कसं, तर पायाने. माळ्यावर आईच्या पहिल्या मशीनचा लोखंडी सांगाडा पडला होता. त्याचा पायाखालचा पायटा आणि चाक काढून होडीच्या मागच्या भागात बसवलं आणि तिथून सायकलची चेन मागच्या मोठ्या चाकाला जोडली. बुडायचं झालंच तर तयारी असावी म्हणून आईने चौघांसाठी फोम भरलेली जाड जाकिटं शिवली. मामाचं जाकीट पोटावर बसेना, तेव्हा तिने मार्जिन उसवलं आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं.

एका सकाळी होडी तलावात उतरली. आई मागे पायट्यावर, मास्तर तिच्या शेजारी सुकाणूची दांडी धरून, फिरकी पुढे. मामा काठावर दोरी घेऊन उभा, कारण त्याचा आपल्या वेल्डिंगवर जेवढा विश्वास होता तेवढा पाण्यावर नव्हता.

आईने हाताने चाकाला धक्का दिला, पाय चालवले, आणि होडी मागे निघाली.

"ताई, तलाव तिकडे आहे!" मामा ओरडला.

पायाच्या मशीनची गंमत अशी की पहिला धक्का ज्या बाजूला द्याल त्या बाजूला ते फिरत राहतं. आईने सवयीने चाक आपल्याकडे ओढलं होतं. "मशीन उलटं फिरलं तर दोरा तुटतो," ती म्हणाली. "इथे तुटायला आहे काय?" तिने पाय थांबवले, दुसऱ्या बाजूला धक्का दिला, आणि होडी पुढे निघाली. काहीएक खर्च न करता त्यांना पुढेही जाता येत होतं आणि मागेही. या शोधाने मास्तर इतके खूष झाले की त्यांनी आईला तीनदा मागे-पुढे करायला लावलं.

पाणवनस्पतींच्या दाटीत एक चिंचोळी वाट होती. होडी तिच्यातून जेमतेम अंग चोरून गेली, पाती मागून आली, आणि मास्तर ओरडले, "अरे, म्हणून मागे! बाजूला चाकं असती तर दोन्हीकडून अडकलो असतो! पुढचं अंग वाट काढतं, चाक मागून येतं!" कॅलेंडरचा प्रश्न सुटला. काठावरून मामाने टाळ्या वाजवल्या.

पण दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो फिरकीच्या नजरेतून सुटणार नव्हता. होडी जात होती, पण कशी? आईच्या पायांत गोळे यायची वेळ आली, चाक पाण्याची नुसती धुळवड उडवत होतं, आणि काठावरचा मामा हातात दोरी घेऊन रमतगमत चालत होता, तरी तो पुढे आणि होडी मागे. एवढी ताकद जात होती कुठे?

फिरकी पोटावर पालथी पडून मागच्या चाकाकडे बघत राहिली. पातं पाण्यात शिरताना सपकन आवाज करत होतं. बाहेर येताना अंगावर ओंजळभर पाणी घेऊन वर येत होतं. "आई," ती म्हणाली, "तू होडी चालवत नाहीयेस. तू तलाव उपसतेयस."

घरी गेल्यावर तिने कपडे धुवायचा टब भरला. दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला पुठ्ठ्याची पाती चिकटवली, आरपार विणायची सुई घातली आणि साबणाच्या डबीची होडी करून मागे ते चाक लावलं. चाकाला रबर अडकवून पिळलं, सोडलं. पाती खोल बुडली की डबी जागच्या जागी थरथरायची आणि फरशीवर पाणी व्हायचं. पाती कापून थोडी आखूड केली की डबी सुटायची ती टबाच्या दुसऱ्या कडेला आपटायची. फार आखूड केली तर चाक वरच्यावर भिरभिरायचं. तिने दगड ठेवून डबी जड केली, पुन्हा सोडली. जड डबीला पाती आणखी आखूड लागत होती, कारण डबी मागून खाली दबत होती. जेवायची हाक आली, ती तिने ऐकली नाही. मास्तर दारात येऊन उभे राहिले, मग न राहवून खाली बसले आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजवून घेतली. "जड डबी परत सोड," ते म्हणाले. "नीट बघू दे."

दुसऱ्या दिवशी ते दोघं शेडमध्ये गेले. फिरकीने एका पात्याला टेप लावली. साडेदहा इंच. दुसऱ्याला लावली. साडेदहा.

"बाबा, पाती किती आखली होती?"

"नऊ. झोपेतून उठवून विचार, नऊ."

"साडेदहा भरतायत."

मास्तरांनी टेप आपल्या हातात घेतली. एक मोजलं, दोन मोजली, आठही मोजली. पाती आखली त्या दिवशी आई नेमकी कुणाच्या तरी घरी आखूड केलेल्या पँटी द्यायला गेली होती. ओरडायला कुणी नव्हतं, आणि मास्तरांच्या हाताने प्रत्येक पात्याला दीड इंच मार्जिन सोडलं होतं.

मामा मनाने साफ, पण वेळ-काळ बघणं त्याला कधी जमलंच नाही. "भावोजी, बरं झालं," तो हसत म्हणाला, "तलाव अंगाने भरला तर उसवता येईल!"

मास्तरांनी टेप गुंडाळली, फिरकीच्या हातात दिली आणि ते घराकडे चालायला लागले. संध्याकाळी जेवताना त्यांनी वर न बघता सांगितलं, "सोमवारी औषधवाल्याला हो म्हणून टाकतो. महिनाअखेरीपर्यंत कशाला थांबायचं? कात्री गेली होती, आता खडूही गेला. निदान लोकांची कापडं तरी वाचतील."

"एक पातं मोठं झालं म्हणून दुकान विकायचं?" आई म्हणाली.

"आठ," मास्तर म्हणाले आणि ताटावरून उठले.

फिरकीला झोप लागली नाही. तिला रडायचं होतं, भांडायचं होतं, पण भांडायचं कुणाशी? मास्तरांना कुणी नावं ठेवत नव्हतं. तेच एकटे स्वतःच्या मागे हात धुऊन लागले होते.

रविवारी सकाळी ती मामाकडे गेली. मामा खजील झाला होता. तो म्हणाला, "मी चाकाचा आस वर घेतो ना. चाक उचललं की पाती कमी बुडतील, कापाकापी नको. नाही जमलं तर परत खाली घेऊ. पण सगळा सांगाडा सोडवावा लागेल, पुढच्या रविवारपर्यंत धीर धर."

"पुढच्या रविवारी दुकान कुणाचं असेल, मामा?"

मामाने आईला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा दोघा बहीण-भावांनी मिळून होडी पाण्यात ढकलली, आणि तिघं आत बसले, मास्तरांच्या जागी मामा. फिरकीने एका पात्यावर शिंप्याचा खडू चोळला आणि चाक अगदी हळू फिरवून ते तळाशी नेलं. वर आणलं तेव्हा खडू कुठेच शिल्लक नव्हता, म्हणजे पातं अख्खं बुडत होतं. नुसतं मार्जिन कापून भागणार नव्हतं. तीन माणसं बसली की होडीची मागची बाजू दबत होती, आणि कागदावरचे नऊ इंचसुद्धा जास्तच होत होते. तिने टबातल्या जड डबीचा हिशेब मनात धरला, पाण्यापासून आसाची उंची मोजली आणि आकडा काढला: साडेसात. म्हणजे प्रत्येक पात्याचे तीन इंच जायचे होते, आणि एकदा गेले की परत येणार नव्हते.

तिने पाती सोडवून शेडमध्ये ओळीने मांडली, बाहेरच्या कडेपासून तीन इंचांवर रेघ मारली आणि करवत हातात घेतली. ती रेघेवर टेकवली आणि परत उचलली. कागद कापणं वेगळं. रद्दी वाट्टेल तितकी मिळते.

"आई, चुकलं तर?"

"तर चुकलं," आई म्हणाली आणि पात्यावर दोन्ही हात दाबून बसली. "काप."

पहिलं पातं कापायला फार वेळ गेला. चौथ्यापर्यंत हात बसला. सातव्याला तिच्या लक्षात आलं की आपण श्वास नेहमीसारखा घेतोय. आठवं कापून झालं तेव्हा मामा म्हणाला, "बाई गं, करवत ठेव आता, नाहीतर माझ्या सायकली कापशील."

आता मास्तरांना आणायचं होतं. सरळ बोलावलं असतं तर ते आले नसते. आई घरी गेली आणि म्हणाली, "अहो, माझा भाऊ तुमची होडी घेऊन एकटा पाण्यात निघालाय. जाकीट म्हणे गळ्याशी काचतं, काढून ठेवलंय."

मास्तर चपला न घालता धावत आले. मामा जाकीट घालून, हातात चहाचा पेला घेऊन, काठावरच्या दगडावर बसलेला होता. आपण फसलो हे मास्तरांना कळलं, पण आलोच आहोत तर बसून बघू, असा चेहरा करून ते होडीत चढले. या वेळी पायट्यावर फिरकी बसली, सुकाणू मास्तरांकडे, आई पुढे.

फिरकीने चाकाला धक्का दिला, पाय चालवले, आणि होडी अशी सुटली की आई धपकन मागे बसली. सपकन आवाज गेला होता. पाती एकामागून एक पाण्यात शिरत होती आणि बाहेर येताना नुसती ओली होऊन येत होती. मागे पाण्यावर एक लांब, सरळ पट्टा पडत होता. काठावरून मामा पळत होता, दोरी केव्हाच त्याच्या हातातून सुटली होती, आणि तो ओरडत होता, "अरे थांबा! अरे, थांबवायचं कसं ते ठरलं नाहीये!"

मास्तर बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. होडी तलावाच्या मध्यावर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "किती कापलंस?"

"तीन इंच."

"तीन? मार्जिन तर दीडच होतं."

"दीड कापून भागत नव्हतं. आपण तिघं बसलो की होडी मागून दबते. तुमचं नऊ रिकाम्या होडीचं होतं."

"म्हणजे मी मार्जिन सोडलं नसतं तरी..."

"तरी आपण तलावच उपसत बसलो असतो."

मास्तरांनी यावर विचार केला. त्यांच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरल्यासारखा दिसला. "मला विचारलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही 'बघू' म्हणाला असता."

पुढे बसलेल्या आईला एकदम लांबच्या झाडावरचा कुठला तरी पक्षी दिसला आणि ती तो फार बारकाईने बघू लागली.

"कापताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना. आईने पातं दाबून धरलं होतं, मामा शेजारी बडबडत होता. दोनदा त्याने सांगितलं, करवत तिरकी जातेय. म्हणून सरळ गेली." फिरकी थांबली, आणि मग बोलायचं ते बोलून मोकळी झाली. "तुमच्या टेबलाजवळ कुणी यायचं नाही, तुम्ही कापताना कुणी बोलायचं नाही. ती दुसरी बाही ठेवलीत तेव्हा मी शेजारी असते, तर मला दिसली असती, बाबा. मी भिंतीकडे तोंड करून शिवत होते."

चाक फिरत राहिलं. मास्तरांनी सुकाणूची दांडी उगीचच पुसली.

"तुझी रद्दी मी बघायचो," ते म्हणाले. "रद्दीवाल्याकडे जायच्या आधी. खांदा तू माझ्यापेक्षा चांगला काढतेस, हे मला केव्हाच दिसलं होतं. तुला येत नाही म्हणून मी कात्री दिली नाही असं नाही. ती दिली तर मी दुकानात बसून काय करायचं, ते मला कळेना. बटणं मोजू? आणि मग त्या बाह्या झाल्यावर वाटलं, आता द्यायला तोंडच राहिलं नाही."

इतक्या वर्षांत वडील फिरकीशी असं बोलले नव्हते. ती पाय मारत राहिली, कारण तेवढंच तिला त्या क्षणी नीट जमत होतं.

थोड्या वेळाने मास्तरांनी घसा साफ केला. "परवा ती बँकेतली बाई आली होती ना? पातळ कोट शिवायचाय म्हणाली होती. परत पाठवलं आपण तिला."

"हो."

"तिला बोलावून घे. माप घे तिचं."

"माप घेते. पण बाबा, कापणार कोण?"

"ज्याने माप घेतलं तो कापतो," मास्तर म्हणाले. "एवढी वर्षं दुकानात बसून हेही शिकली नाहीस?"

फिरकीचे पाय थांबले. चाक दोन फेरे आपोआप फिरलं आणि तेही थांबलं.

"अगं, काय झालं?" आई मागे वळली. "पाय का थांबवलेस?"

फिरकी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते पलीकडच्या काठाकडे, गल्लीच्या दिशेने बघत होते.

"चल, चाक सुरू कर," ते म्हणाले. "अंधार पडला की औषधवाला दुकान बंद करून घरी जातो. त्याला आजच नाही म्हणून सांगायचंय."